माझ्या पितळीतले परके देश

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिता येतं, वाचता येतं, अन् अन्न कशाला म्हणायचं ते कळतं. पोट भरायला एवढं शिक्षण बास झालं. ह्या उन्हाळ्यात जास्त शिकलेल्यांनी माझ्या घरात जे रांधलं, ते बघून मला तर असं वाटतं की शिक्षणानं माणसाची जीभ अगोदर मरते, बाकीचं हळूहळू.

आमचं गाव परतूरच्या अंगाला. घरात मी अन् माझी बायको, दोघंच. पोरगा कारखान्यावर नोकरीला, म्हणून त्याचं बिऱ्हाड अंकुशनगरला. सून तिकडंच शाळेवर शिकवती. त्यांची पोरगी, म्हणजे माझी नात, पुण्याला कंपनीत आहे. काय काम करती ते तिनं मला लई वेळा सांगितलं, अन् दर वेळी मला आधीपेक्षा कमी कळलं. मी विचारायचं सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला बायकोला टायफॉइड झाला. जालन्याला दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावल्या, ताप उतरला. उतरताना तोंडाची सगळी चव घेऊन गेला. घरी आली तर बाईला भाकरीचा वास सहन होईना. जिनं सारा जन्म भाकरी थापली, ती तव्यावर भाकरी पडली की नाकाला पदर लावून ओसरीवर जाऊन बसायची. वरणाचा वास नको, फोडणीचा नको. मऊ भात समोर ठेवला की म्हणायची, "ह्याला दवाखान्याचा वास येतो." हातातली काकणं कोपरापर्यंत वर सरकू लागली. मंग माझी भाकरी माझी थोरली वहिनी तिच्या घरी करू लागली. वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या भावाची बायको, भिंतीला भिंत लागून राहती. तिची भाकरी चांगली. जीभ इळ्यासारखी धारदार.

परतूरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं काट्यावर उभं केलं, आकडा बघितला अन् मला बाजूला घेतलं. म्हणला, "बाबा, काहीबी खाऊ द्या, पण खाऊ द्या. वजन असंच उतरत राह्यलं तर पुन्हा भरती करावं लागंल. अन् ह्या वयात पुन्हा म्हणजे..." गाडीत बसल्यावर बायको खिडकीतून बाहेर बघत म्हणली, "मला जालन्याला परत नेऊ नका. त्या खाटेवर मी आता गेले तर उठायची न्हाई."

ती अशी बोलणारी बाई न्हाई. म्हणून माझ्या ते चांगलंच ध्यानात राह्यलं.

पोराला कळवलं. त्याला साखरेचा हंगाम सोडून येता येईना, सुनेच्या शाळेत परीक्षा चालू. मंग नात आली, पाठीवर ते कंप्युटरचं दप्तर घेऊन. म्हणली, "आबा, मी इथूनच काम करते. आज्जीचं जेवण माझ्याकडे." मला बरं वाटलं. पोरगी घरचं कायतरी साधं करंल, असं मला वाटलं होतं.

तिचं डोकं मात्र निराळंच चालून राह्यलं होतं. "आबा, आपल्या सगळ्या जेवणाला आज्जीला तापाचा वास येतो. भाकरी, भात, वरण, सगळं तिनं तापात खाल्लंय. तिनं आयुष्यात कधी खाल्लंच नाही असं काही दिलं तर त्याला कसलाच जुना वास नसणार."

मी म्हणलो, "म्हणजे काय देणार?"

"बाहेरच्या देशांचं करते. रोज एक देश."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करून राह्यली. दुसऱ्याच दिवशी परतूरहून सामानाची पिशवी आली. नातीनं मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला अन् त्यातली एक बाई बोलू लागली. ती बोलायची तशी ही करायची. आमच्या घरात स्वयंपाक शिकवायला सासू लागायची. आता मोबाईलातली बाई शिकवती. तिला न सासर, न जबाबदारी.

पहिल्यांदी आला इटली देश. गव्हाच्या जाडजूड नळ्या उकडून दुधाच्या पांढऱ्या लगद्यात कालवलेल्या. आमच्याकडं बाया बाजेवर बसून शेवया करतात, केसाएवढ्या बारीक, उन्हात वाळवतात, वर्षभर पुरवतात. ह्या देशातल्या बायांना बारीक करायचा कंटाळा आला असंल. नळी आतून पोकळ होती. मी नातीला विचारलं, "ही पोकळ कामून?" म्हणली, "आत सॉस शिरतो." मी म्हणलो, "म्हणजे कालवण खायला पाईपलाईन टाकली का?" माझी पितळी, म्हणजे काठाचं जेवायचं ताट, बाजूला सारली अन् वहिनीची भाकरी घेतली. बायकोनं एक नळी बोटानं इकडून तिकडं फिरवली, ताट खाली ठेवलं. "मलाबी नको गं माय. भूक न्हाई."

मंग आला रशिया. बीटाचं पाणी, लालभडक, वर दह्याचा गोळा. मी म्हणलो, "हे प्यायचं, का होळीला राखून ठेवायचं?" वहिनी दारात भाकरी घेऊन उभी, तीबी हसली. नात न्हाई हसली. बायकोनं वाटीत डोकावून बघितलं अन् भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

लेबनान म्हणून एक देश आहे. तिकडं काबुली हरभरा उकडून वाटतात, तीळ घालतात, लिंबू पिळतात अन् गारेगार खातात. हरभरा आमचा, तीळ आमचे, लिंबू बांधावरचं, अन् नाव त्या देशाचं. पिठलं गार झालं की आमच्याकडं लोक पुन्हा चुलीवर ठेवतात. त्या देशात चुली कमी असाव्यात. हे मी सगळं मोठ्यानं बोललो. मला मनात ठेवून बोलता येत न्हाई, अन् अन्नाच्या बाबतीत मी ठेवतबी न्हाई.

कोरियाचं तर नावच काढू नका. पत्ताकोबीला मिरची लावून बरणीत सडवलं. झाकण उघडलं तर गोठ्यातली म्हैस मान वर करून बघू लागली. नात म्हणली, "आबा, हे पोटाला चांगलं असतं." मी म्हणलो, "म्हशीच्या का माणसाच्या?" मेक्सिकोची मक्याची पोळी आली, कडा कच्च्या, मधी करपलेली, वर राजमा. परतूरच्या मोंढ्याच्या बाजारात हमालबी असली पोळी माघारी देईल. तेबी मी बोललो.

प्रत्येक वेळी हेच. नात दोन ताटं वाढायची, एक मला, एक बायकोला. तिनं आधी मला द्यायचं, मी बघायचं, बोलायचं, सारायचं. बायकोनं माझ्याकडं बघायचं, ताटाकडं बघायचं अन् म्हणायचं, "भूक न्हाई." पाण्यात बुडवलेलं बिस्कीट अन् चहा, एवढ्यावर बाई दिवस काढू लागली. पोराचा फोन आला, "आबा, सोमवारी डॉक्टरला दाखवा. वजन अजून उतरलं असंल तर सरळ जालन्याला न्यायचं. मी गाडी घेऊन येतो." बायकोनं ते ऐकलं. खाली सरकलेली काकणं तेवढी वर ढकलली.

मला नातीचा राग आला. म्हणलो, "बघ, तुझे सगळे देश फेल झाले. तिला भूकच न्हाई. परदेशाचं खाऊन कुणाला भूक लागती का?" नात रडली न्हाई. आजकालच्या पोरी रडत न्हाईत, दप्तर उघडून बसतात.

त्याच दिवशी सांजच्याला मी गोठ्यात म्हशीला पेंड घालून राह्यलो होतो. वहिनी मागून आली अन् ताकाचा तांब्या आपटल्यासारखा ठेवला.

"भावजी, चार बुकं शिकले तुमी. डोकं कुठं ठिवलं?"

"आता काय झालं?"

"तिला भूक न्हाई म्हणता ना? मी आत्ता तिच्यापाशी बसले होते. पोरीनं केलेल्या त्या मक्याच्या पोळीकडं बघून तिनं दोनदा आवंढा गिळला. माझ्या डोळ्यानं बघितलं."

"मंग खाल्ली कामून न्हाई? मी काय तिचे हात बांधले का?"

"हात न्हाई बांधले, तोंड बांधलं. तुमी त्या पोळीला हमालाची पोळी म्हणले. नवऱ्यानं ज्या घासाला थू केलं, तो घास ती तोंडात घालील व्हय? तिच्या सासूनं, म्हणजे तुमच्याच आईनं, आमाला दोघींना काय शिकवलंय? धन्यानं नावं ठेवलेलं बाईनं खायचं न्हाई, अन् धन्याच्या ताटात जे न्हाई ते स्वतःसाठी वेगळं रांधून खायचं न्हाई. वेगळं खाणारीला काय म्हणायचे, ध्यानात आहे का?"

मला ध्यानात होतं. चटोर म्हणायचे. माझ्या लहानपणी गल्लीत एक बाई होती. घरच्यांच्या मागं एकटीसाठी अंडं उकडून खायची. तिचं नाव घ्यायच्या आधी लोक "चटोर" घ्यायचे. तेवढ्या एका अंड्यापायी बाईचं सारं आयुष्य गेलं.

आता नव्या लोकांना हे सांगितलं तर हसतील, म्हणून सांगतो. आमच्यात बाई नवऱ्याच्या मागून जेवती, अन् माझी बायको माझ्याच पितळीत जेवती. मी हात धुतला की ती त्याच पितळीत वाढून घेती. कुणी तिला जबरदस्ती केली न्हाई. सून आली, तिनं सोडलं. नातीला तर माहीतबी न्हाई. बायकोनं सोडलं न्हाई, अन् तिनं सोडावं असं मी कधी म्हणलो न्हाई. हा नियम मी केलेला न्हाई, त्यामुळं त्याचा दोषबी मी घेत न्हाई. पण नात तिला चकचकीत वेगळं ताट देत होती, त्यात वेगळं अन्न वाढत होती, अन् मी माझ्या ताटातल्या त्याच अन्नाला शिव्या घालत होतो. दोन्हीकडून तिचा रस्ता बंद झालेला. टायफॉइड कवाच गेला होता.

"मंग मी काय करू?" मी विचारलं.

"गिळा," वहिनी म्हणली. "समोर येईल ते गिळा. अन् तोंड वाकडं करू नका. ती तुमच्या तोंडाकडं बघून जेवती."

मी म्हशीकडं बघितलं. तिला कसं, पेंड दिली की पेंड खाती, तोंड कसंबी करती, कुणी तिच्याकडं बघून जेवत न्हाई.

दुसऱ्या दिवशी जपान आला. देवाला दुसरा देश सापडला न्हाई. भाताचा लांब लोड, आत काकडी अन् गाजर, अन् वरून काळा कागद गुंडाळलेला. भात गार. भातात व्हिनेगर म्हणून आंबट पाणी. पुण्याहून कुरिअरनं मागवलेला तो कागद म्हणजे समुद्रातलं शेवाळ, असं नातीनं सांगितलं. शेवाळ आमच्या विहिरीतबी आहे. आजवर कुणी त्याला कुरिअरनं मागवलं न्हाई.

एवढं सगळं माझ्या जिभेवर आलं. दातापर्यंत आलं. मी ते गिळलं अन् मागून जपान गिळला.

नातीला सांगितलं होतं, "आज तिचं ताट वाढू नको. माझ्या पितळीतच ठेव सगळं." नात म्हणली, "आबा, हायजीन..." मी डोळे वटारले, तशी गप झाली. मी एक तुकडा तोंडात टाकला. बायको ओसरीच्या खांबाला टेकून माझ्याकडं बघून राह्यली होती. मी चावू लागलो. कागद चावता चावत न्हाई. गार भात टाळूला चिकटला. बांधाला घालायच्या गाऱ्याची चव. तोंड सरळ ठेवलं. दुसरा तुकडा खाल्ला. तिसरा. मंग हात धुतला अन् पितळी तिच्याकडं सारली.

"चांगलंय?" तिनं विचारलं.

आता खोटं बोलायची मला सवय न्हाई. मी म्हणलो, "पोट भरलं."

तिनं पितळी पुढं ओढली. एक तुकडा उचलला, त्याचा वास घेतला, थांबली. कसलाच वास आला नसावा. खाल्ला. मंग दुसरा. नात स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल छातीशी धरून उभी, हालायला तयार न्हाई. बायकोनं पितळीत उरलं होतं ते सगळं संपवलं अन् ओढ्याच्या पाण्यासारखी एक लांब ढेकर दिली. माझ्या घरात लई दिवसांनी ढेकर ऐकली मी.

तिनं हात धुतला, पदराला पुसला, अन् तोपर्यंत मी थांबलो. मंग नातीला म्हणलो, "हे बघ, हा जो कागद आहे ना..." अन् सगळं काढलं. विहीर काढली, गारा काढला, कुरिअरवाला काढला, त्या देशाचा समुद्र काढला. बायको ऐकत बसली होती. नात हसून लोटपोट झाली. तेव्हापासून मला रीत सापडली. आधी गिळायचं, मंग बायको जेवेपर्यंत दम धरायचा, मंग बोलायचं. राग शिळा झाला की जास्त चांगला बोलता येतो, हे मला नव्यानं कळलं.

सोमवारी डॉक्टरनं काट्यावर उभं केलं. वजन उतरलं न्हाई, जिथं होतं तिथंच. तो म्हणला, "थांबलं, हे चांगलं लक्षण आहे. काय देताय?" नात सांगायला लागली, तर मी म्हणलो, "डॉक्टरसाहेब, ऐकू नका. तुमचंबी जेवण जाईल." पोराची गाडी जालन्याला जायच्या ऐवजी गावाकडं वळली. पोरगा तुर्कस्तान खाऊन संध्याकाळी परत गेला. त्याला आवडलं. त्याची जीभ कारखान्याच्या कँटीननं मारलेली आहे.

सगळ्यात कठीण देश मात्र सुदान निघाला.

त्या दिवशी नातीनं सकाळपासून ज्वारीच्या पिठाचं पातेलं झाकून ठेवलेलं. आदल्या दिवशी पीठ पाण्यात भिजवून आंबवलेलं. मी विचारलं, "आंबील करणार का?" आंबील म्हणलं असतं तर मी मिटक्या मारत प्यालो असतो. ती म्हणली, "नाही, किसरा. सुदानमधली भाकरी. तव्यावर पातळ पसरवायची, उलटायची नाही." अन् ज्वारी कुठली? आमच्याच शेतातली, मी पेरलेली, मी राखलेली, दगडी वाणाची. पाखरांनी न्हाई नेली ती सुदानी लोकांनी नेली.

वाळवलेल्या भेंडीचं बुळबुळीत कालवण केलं सोबतीला. मला पितळीत वाढलं. कागदासारखी पातळ, आंबट वासाची, भोकं पडलेली. भाकरीची चादर झालेली. मी घास केला. माझ्या ज्वारीच्या अंगावर ते बुळबुळीत बघून मला खरंच वाईट वाटलं. पण बायको बघून राह्यली होती. खाल्लं. हात धुतला. पितळी सारली.

तिनं पहिला घास घेतला अन् तोंडाशी नेताना थांबली. मला धास्ती वाटली. ज्वारीचा वास तो, हिला पुन्हा मळमळलं तर? एवढ्या देशांची कमाई एका घासात जाईल. तिनं वास घेतला. डोळे मिटले. तोंडात घातला.

अन् नेमकं त्याच वेळी नातीला शिकवायची हुक्की आली. म्हणली, "आबा, तुम्हाला माहितीये का, ज्वारी मूळची तिकडचीच. आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी तिकडून इकडं आली. म्हणजे खरं तर आपण त्यांची भाकरी खातोय."

माझ्या डोक्यात आग गेली. माझ्या बापानं ज्वारी पेरली, आज्यानं पेरली, जांबच्या यात्रेला जाताना फडक्यात तीच भाकरी बांधून नेली, अन् ही पोरगी मला सांगती की ज्वारी आमची न्हाई! वाक्य तयार झालं होतं माझ्या तोंडात. वाक्य कसलं, दगड होता.

पण बायको जेवत होती. घास चावत होती, हळूहळू, कडेनं तोडत, भेंडी पुसत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड सरळ ठेवलं. दात दातावर ठेवले. कानशिलं तापली. तिनं ती चादर संपवली. मी श्वास घेतला, बोलायला तोंड उघडलं, तर ती नातीकडं बघून म्हणली, "आणखी एक आहे का गं?"

दवाखान्यातून आल्यापासून तिनं पहिल्यांदा मागून घेतलं होतं. नात पळत आत गेली. मी तोंड मिटलं.

दुसरी आली. ती तर तिनं आणखी सावकाश खाल्ली. मधीच पाणी प्याली. मधीच वहिनी आली, तिला बसवून घेतलं, तिला एक तुकडा दिला. वहिनी म्हणली, "अगं, हे तर धिरडंच की." बायको म्हणली, "धिरड्यापेक्षा हलकं आहे. ज्वारीचं हाय, पण त्याला ताप न्हाई." दोघी बोलत बसल्या. माझ्या घशात आफ्रिका अडकलेली अन् ह्या दोघी मिठाचं बोलून राह्यलेल्या. मला पक्कं माहीत आहे, बायको मुद्दाम वेळ लावत होती. माझा चेहरा तिला सगळा वाचता येतो, अन् त्यासाठी तिला शाळेची गरज पडली न्हाई.

शेवटी तिनं पितळी पुसल्यासारखी साफ केली. तांब्या घेतला, हात धुतला, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. मंग खांबाला पाठ लावून पाय लांब केले अन् माझ्याकडं बघून म्हणली,

"झालं माझं. आता बोला."

मी बोललो. पहिल्यांदी त्या देशाला बोललो, मंग भेंडीला, मंग मोबाईलातल्या बाईला, मंग हजारो वर्षांपूर्वी हे कुणी बघायला गेल्तं त्याला. वहिनी मधी मधी "बराबर, भावजी, बराबर" करून आग लावत होती. नात म्हणली, "आबा, हे शास्त्रज्ञ सांगतात." मी म्हणलो, "शास्त्रज्ञानं कधी रात्रीची ज्वारी राखली का? ज्वारी आमची आहे. त्या देशात असंल तर आमच्याकडूनच कुणीतरी नेली असंल, अन् त्यांना भाकरी थापता आली न्हाई म्हणून त्यांनी ती ओतून केली."

बायको म्हणली, "नेली असंल. उद्या पुन्हा हेच कर गं, माय. अन् ह्यांना दोन वाढ."